वाघजाईच्या राईचा अर्ज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा तिच्या उशाशी बसून होतो. तिनं मनातलं बरंच काही बोलून टाकलं — मी नाही. मुलांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तुम्हाला का सांगतोय? खरं म्हणजे मलाही नीट माहीत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

आधी एक सांगून टाकतो — गावात मला मान आहे. तीसएक वर्षं लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केली, गेल्या वर्षी सुटलो आणि औंढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे तिथं परत येऊन राहिलो. चैत्रात वाघजाईची जत्रा असते. त्या दिवशी पालखीपुढचा पहिला नारळ माझ्या हातात देतात. पाटलाच्याही आधी. म्हातारी माणसं पोरांना सांगतात — ह्या सदाशिवानं राईसाठी सरकारला कागद केला होता, ऐन लढाईच्या दिवसांत, नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

ती राई कशी होती, हे सांगायला हवं. आता सांगून काय उपयोग, असंही वाटतं — पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावाच्या वर डोंगराच्या कुशीत वाघजाईचा तांदळा होता, म्हणजे नुसता दगड, शेंदूर फासलेला, उघड्यावरच. त्याच्या भोवती राई. हिरडा, बेहडा, आंबा, जांभूळ, फणस — दोन माणसांच्या कवेत न मावणारे बुंधे. वरून खाली लोंबणारी गारंबीची वेल, हत्तीच्या सोंडेसारखी जाड. भर दुपारी आत शिरलं तर डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागे. तिथलं वाळकं काटूकसुद्धा कुणी उचलत नसे. आत जायचं तर कमरेचा कोयता बाहेर दगडावर काढून ठेवायचा, पायातलं काढायचं. आणि राईच्या खालच्या टोकाला झरा होता. आमचं गाव आणि वरची ठाकरवाडी, दोघांचं उन्हाळ्यातलं पाणी तेच.

पहिल्या लढाईचं शेवटचं वर्ष होतं. आगगाड्यांना दगडी कोळसा पुरेना, लाकडाला मागणी आली. गावच्या पड जमिनीबरोबर राईचा सर्व्हे नंबरही सरकारी लिलावाच्या यादीत लागल्याचं कळलं. कुणा परगावच्या ठेकेदारानं ती आधीच बघून ठेवली होती म्हणे.

गाव वस्तीतल्या देवळापाशी जमलं. माझे चुलते, त्यांना सगळे आबा म्हणत, ते मधे बसले. ठाकरवाडीची माणसं कधी गावच्या बैठकीला यायची नाहीत, त्या दिवशी आली. त्यांच्यात ठमामावशी होती. राईची झाडलोट, देवीचा दिवा तिच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या होता. काळीसावळी, किरकोळ बाई. बोलायला उभी राहिली की मात्र सगळे ऐकत.

आबा म्हणाले, "सदू, तू लिव. सायबानं वाचावा असा कागुद तूच लिवशील."

गावात तेव्हा लिहिता येणारा मी एकटाच होतो. सहा महिन्यांपूर्वी धक्क्यावर लागलो होतो, अजून कायम व्हायचा होतो. अक्षराचा मला भारी अभिमान. मामलेदारसाहेबांच्या नावे अर्ज लिहिला — राई देवीची आहे, झरा तिच्यावर आहे, दोन वस्त्या त्या झऱ्यावर आहेत, तरी हा नंबर लिलावातून वगळावा. प्रत्येक ओळ सरळ, जणू दोरी धरून ओढलेली. सगळ्यांना वाचून दाखवला. मग अंगठे. पुरुषांचे झाले, बायकांचे झाले, वाडीचे झाले.

ठमामावशीनं अंगठा उमटवला आणि तिथंच उभी राहिली. म्हणाली, "शेकराचं बी लिव, बाबा. त्याला अंगठा न्हाई."

लोक हसले. मी मात्र खरंच एक ओळ वाढवली — राईत शेकरू आहेत, धनेश आहेत, त्यांना दुसरं घर नाही. ती ओळ मला तोंडपाठ आहे. बाकीच्या अर्जातलं आता बरंच विसरलोय.

निघताना ती आबांना म्हणाली, "कागुद द्या. पर त्येच्या भरवशावर निजू नगा. येळ आलीच तर झाडाम्होरं हुबं ऱ्हायाला आमी हाव."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून वडगावला गेलो.

आता इथं मी अडतो बघा. इतकी वर्षं मनातल्या मनात मी ह्या जागेपर्यंत येतो आणि वळसा घालून पुढं जातो.

कचेरीच्या ओसरीवर बरीच माणसं बसली होती. माझी पाळी आली. कारकुनानं अर्ज हातात घेतला, वाचला, उलटा करून अंगठे पाहिले. चांगला माणूस होता, तुम्हाला खोटं का सांगू? कुठं आवाज चढवला नाही, हिडीसफिडीस केलं नाही. उलट त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, "अक्षर मोत्यासारखं आहे हो. कुणाचं?"

एवढंच. एवढंच विचारलं त्यानं.

आणि मी घाबरलो. का? लढाईचे दिवस होते — सरकारच्या कामात आडवं येणाऱ्यांची नावं लिहून ठेवतात, असं धक्क्यावर बोलत. कुठल्याशा स्टेशनवरच्या एका कारकुनाला असंच घरी बसवल्याचं ऐकलं होतं. ऐकलं होतं फक्त. मला स्वतःला कुणी दम दिला नव्हता, कुणी डोळे वटारले नव्हते. ठेकेदार तर मी तोवर पाहिलाही नव्हता. पण ते अक्षर ओळखीचं होतं ना! रोज शंभर पावत्यांवर तेच अक्षर जात होतं.

मी म्हणालो, "माहीत नाही. मी नुसता आणून देणारा."

तो म्हणाला, "असू द्या. साहेब आतच आहेत. वाटलं तर स्वतः भेटून सांगा. त्यांना ऐकायला आवडतं."

दार उघडं होतं. आत साहेबांची पगडी दिसत होती, ते कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. चार पावलं. माझ्या गावची सगळी माणसं त्या चार पावलांसाठी मला गाडीत बसवून परत गेली होती. मी काय केलं? मी म्हणालो, "एक-दोन अंगठे राहिलेत वाटतं. पुरे करून उद्या आणतो." आणि त्याच्या हातातून कागद परत घेतला. त्यानं खांदे उडवले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

वडगावच्या स्टेशनावर गाडीला उशीर होता. थंडीचे दिवस होते, पोर्टरनं शेगडी पेटवली होती. मीही हात शेकायला टेकलो. तो कंदील आणायला उठला — तेवढ्यात अर्ज घडी करून मी शेगडीत घातला. कागद जाडजूड होता, लवकर पेटेना. काडीनं टोचून टोचून पेटवावा लागला. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्हाला वाटेल घाबरून एका झटक्यात झालं. तसं नव्हतं. वेळ लागला. मधे काढता आला असता.

गावच्या वाटेवर माणसं थांबली होती. आबांनी विचारलं, "दिला?"

"दिला," मी म्हणालो.

खोटं कसं बोलावं लागतं, त्याला किती तयारी लागते — असं काही नसतं हो. एक शब्द. तो तोंडातून गेला आणि लोकांचे चेहरे असे निवळले की मलासुद्धा क्षणभर वाटलं, दिलाच असेल.

दुसरा लिहिता आला असता. पुढच्या रविवारी लिहू, डाव्या हातानं लिहू, पोस्टानं पाठवू — सगळं ठरवलं मी. एक रविवार गेला, दुसरा गेला. मग लिलाव झाल्याचं कळलं. गावाला वाटलं, अर्ज आत आहे, साहेब विचार करतायत, लिलाव झाला तरी काय झालं? असं त्यांना का वाटलं? मीच तसं सांगितलं होतं.

अजून मुख्य ते सांगितलेलं नाही. अर्ज जाळला हा भित्रेपणा म्हणा, चला. पण पुढचं काय म्हणाल?

माघात एका रविवारी ठेकेदाराची माणसं आली आणि झाडांवर चुन्यानं खुणा करायला लागली. कुऱ्हाडी अजून यायच्या होत्या. ठाकरवाडीच्या बायका वरून धावत खाली आल्या, ठमामावशी पुढं. गावचे लोक निघाले. पोरंबाळं, म्हातारे, सगळे राईच्या तोंडाशी जमले. खुणा करणारे पाचसहाजण, ते बावचळूनच गेले. एकेका झाडाला दोघं-तिघं धरून उभे राहिले. मी घरीच होतो, मला बोलावणं आलं.

ठमामावशीनं गारंबीनं वेढलेल्या हिरड्याला पाठ लावली होती. म्हणाली, "सदूबाबा, तू सांग. कायदा तुला कळतो. आमी हितं हुबं ऱ्हायलो तर चालंल न्हवं?"

माझ्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते अगदी स्वच्छ आठवतं. हे लोक उभे राहिले तर तक्रार जाणार. तक्रार गेली की कचेरीतून कुणीतरी येणार. आलेला माणूस विचारणार — तुम्ही अर्ज का केला नाहीत? आबा म्हणणार, केलाय की! आणि मग सगळे माझ्याकडं बघणार.

म्हणून मी त्यांना परत पाठवलं.

व्हय, मीच. मी सांगितलं, "अर्ज साहेबांपुढं आहे. तो निकालात निघेपर्यंत कुणी दांडगाई केली, तर अर्ज फेटाळतील. घरी जा. नुसत्या खुणा करतायत, तोडत नाहीत." मोठ्यानं, ठासून सांगितलं. माझा आवाज चांगला लागला होता त्या दिवशी.

आबांनी मान हलवली. लोक एकेक करून झाडांपासून सुटले. ठमामावशी शेवटी. ती माझ्याकडं बघत राहिली, रागानं नाही. म्हणाली, "तू म्हंतोस म्हून." आणि पाठ झाडापासून काढली.

तिसऱ्या दिवशी ऐंशी-नव्वद तोडे कुऱ्हाडी घेऊन आले, बरोबर शिपाई. मग कुणाला जवळही जाता आलं नाही. मी तेव्हा धक्क्यावर होतो. राईतलं पहिलं झाड पडताना मी पाहिलं नाही, ऐकलं नाही. आमच्या गावातल्या सगळ्यांनी ऐकलं.

पण ती लाकडं माझ्यापुढं आली. गाड्यांवर गाड्या, लोणावळ्याच्या मालधक्क्यावर. ओंडके उतरत होते आणि मी पावत्या लिहीत होतो. एका हिरड्याच्या खोडावर गारंबीचा पिळा रुतून वळ पडलेला होता — त्याला पाठ लावून कोण उभं होतं, मला माहीत होतं. त्या ओंडक्याचीही पावती केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

शिमग्याच्या सुमाराला आबांनी मला विचारलं, "सदू, सायब बोलला तरी काय? कागुद वाचून काय म्हनला?"

सांगता आलं असतं की भेटलेच नाहीत. तेवढं तरी खरं झालं असतं. पण चारचौघं बसले होते, सगळ्यांना काहीतरी ऐकायचं होतं. मी म्हणालो, "साहेब हसले. म्हणाले, झाडं काय, पुन्हा येतील."

हे वाक्य आमच्या गावात म्हणीसारखं झालंय. कुणाचा बैल मेला, कुणाची जमीन गेली, की लोक कडवटपणे म्हणतात — झाडं काय, पुन्हा येतील. त्या मामलेदाराला गावानं किती शिव्या दिल्या असतील! त्या माणसानं ते कधी उच्चारलं नाही. त्याला माझं तोंडही ठाऊक नव्हतं.

दोन उन्हाळे झरा कसाबसा झिरपला, तिसऱ्या वर्षी आटला. गावानं खाली विहीर खणली. वाडीला तेवढी उस्तवार कुठली झेपणार? अर्धी ठाकरं डोंगराच्या पलीकडं उतरली, काही धरणाच्या कामावर गेली, ती कुठं पांगली कुणास ठाऊक. ठमामावशीचं घर तेवढं हललं नाही. तांदळ्यापाशी एक जांभळाचं झाड ठेवलं होतं तोड्यांनी, देवीच्या भीतीनं. ती त्याच्याखाली दिवा लावत राहिली. पाणी मैलभरावरून आणायची.

चार-पाच वर्षांनी पवनेच्या खोऱ्यात एका लग्नाला गेलो होतो. मांडव गावच्या राईला लागून होता. गर्द राई, आमच्यासारखीच. मी सहज विचारलं, ही कशी राहिली? वराचा आजा मोठ्या हौसेनं सांगायला लागला — लढाईच्या साली हिचाही नंबर लिलावात लागला होता, आम्ही वडगावला अर्ज केला. मामलेदारसाहेब स्वतः घोड्यावरून आले, जोडे काढून आत गेले, झरा बघितला आणि नंबर काढून टाकला. तेच साल, तीच कचेरी, तेच साहेब. मी पत्रावळीवरून उठलो आणि हात धुऊन आलो. तोपर्यंत मी मनाला समजावत असे की अर्ज दिला असता तरी काय झालं असतं? त्या दिवसापासून तेही राहिलं नाही.

गाव मात्र शहाणं झालं. राईच्या वरचा जो उतार उरला होता, तो त्यांनी स्वतःच राखायला घेतला. कुणाला कागद नाही, अर्ज नाही. रोज एका घरचा माणूस राखणीला. कुऱ्हाड बंद, गुरं बंद, फाल्गुनात कडेचं गवत जाळून जाळपट्टा काढायचा आणि वणवा लागला तर सगळ्यांनी धावायचं. वीस-बावीस वर्षं ही पाळी चुकलेली नाही. ऐनाची झाडं उभी राहिलीयत, हिरड्याची पोरं वर आलीयत. ही राखण सुरू झाली त्या दिवशी आबांनी सगळ्यांपुढं मला उभं केलं आणि म्हणाले, सरकारात आपलं कुणी ऐकत न्हाई हे ह्या पोरानं आपल्यासाठी हात पोळून शिकवलं. तेव्हापासून जत्रेला माझा नारळ. मी तो दरवर्षी घेतला. तुम्ही विचाराल, एकदाही नाही म्हणालात का? नाही.

आबा गेले. त्या बैठकीतले बहुतेक गेले. ठमामावशी राहिली होती.

गेल्या मार्गशीर्षात, नोकरीतून सुटल्यावर, मी ठरवून वर गेलो. ठमामावशीला सांगायचं. हिला तरी सांगायचंच. ती ओट्यावर बसली होती, डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं. नातसुनेला हाक मारून भाकरी टाकायला सांगितली. नाचणीची भाकरी, वालाचं कालवण. पाणी दिलं — ते कुठून आणावं लागतं हे ठाऊक असून मी दोन तांबे प्यायलो.

ती आपणहूनच बोलायला लागली. राईतल्या एकेका झाडाचं नाव घेत होती, गेलेल्या माणसांचं घ्यावं तसं. मग थांबली. माझा हात चाचपून हातात घेतला आणि म्हणाली, "लय वंगाळ झालं, बाबा. पर आमचं म्हननं तू लिवलंस. शेकराचं बी लिवलंस. सायबानं वाचलं तर आसंल. न्हाई आयकलं त्येनं, त्येला तू काय करनार?"

तिचा हात कोरड्या सालीसारखा होता. घरात तिसरं कुणी नव्हतं, नातसून भांडी घेऊन मागं गेली होती. मी तोंड उघडलं. म्हणालो, "मावशी, येतो मी."

आठ-दहा दिवसांनी ती गेल्याचा निरोप आला. मी तिच्या मातीला गेलो, लोकांनी मला पुढं जागा करून दिली, मी पुढं उभा राहिलो.

त्या दिवशी तिच्या घरून खाली उतरताना ऊन कोवळं होतं. वाट मोकळी होती, पाय धड होते, हातात वेळ होता. दोनदा वळून बघितलं — ती ओट्यावरच बसली होती, माझ्या पावलांच्या आवाजाकडं तोंड करून. परत वर जायला मला कुणी अडवलं नव्हतं.